सीडी ड्राइव्हविना लिनक्सचे अद्ययावतीकरण

सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्ह नादुरुस्त असलेल्या वा मुळातच नसलेल्या जुन्या संगणकावर लिनक्स संचालन प्रणालीची नवी आवृत्ती बसवण्यासाठी पेन ड्राइव्ह, स्थानिक जाळे, हार्ड डिस्क किंवा आंतरजाल यांपैकी एखाद्या माध्यमाचा उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

लिनक्सच्या प्रत्येक वितरणाच्या आवृत्तीला ठरावीक आधारकाळ असतो. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सर्वसाधारणपणे ५ वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ही मुदत संपल्यावर दुरुस्त्या थांबतात. पुढे जुने आज्ञावलीसंच मुख्य सर्व्हरवरून संग्रहात हलवले जातात व अद्ययावतीकरणाची नेहमीची आज्ञाही अयशस्वी होते. अशा वेळी संग्रहाचा पत्ता स्रोतसूचीत नोंदवावा लागतो.

पद्धती

• जागच्या जागी अद्ययावतीकरण : आंतरजालावरून नवे संच उतरवले जातात. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळता येत नाही. दहावीवरून बारावीकडे जाताना अकरावी बसवावीच लागते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवर आधारित आहे.

• पेन ड्राइव्ह : प्रतिमा संचिकेची केवळ नक्कल करून भागत नाही, ती विशिष्ट साधनाने पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. या क्रियेत त्यावरील आधीची सर्व माहिती नष्ट होते. त्यानंतर बायोसमध्ये आरंभक्रम बदलतात.

• जाळ्यावरून आरंभ : बायोस पेन ड्राइव्ह ओळखत नसल्यास 'पीएक्सई' ही सोय उपयोगी पडते. दुसरा संगणक जाळ्यावरून प्रतिष्ठापक पुरवतो. प्रयोगशाळेतील अनेक संगणकांसाठी ही पद्धत सोयीची ठरते.

• हार्ड डिस्कवरून आरंभ : प्रतिमा संचिका डिस्कवरच ठेवून 'ग्रब २' या आरंभकाद्वारे ती थेट सुरू करता येते. मात्र ती ज्या विभागात आहे, तो विभाग प्रतिष्ठापनेत पुसून चालत नाही.

मर्यादा व दक्षता

जुना प्रक्रियक ३२ बिटचा असल्यास पर्याय मर्यादित होतात. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा संगणकांसाठी प्रतिष्ठापक दिलेला नाही. वैयक्तिक संचिकांची प्रत आधी वेगळ्या माध्यमावर घेणे, डिस्कवरील मोकळी जागा तपासणे आणि उतरवलेल्या प्रतिमेची बेरीज-तपासणी करणे आवश्यक असते. पावसाळ्यात वीज खंडित होणाऱ्या रत्नागिरीसारख्या भागात यूपीएस किंवा चांगली बॅटरी विशेष महत्त्वाची ठरते, कारण संच बसत असताना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट अवस्थेत राहते. डेबियन कुळात अपूर्ण राहिलेली मांडणी 'डीपीकेजी' या साधनाने बहुधा पुरी करता येते. गमावलेल्या संचिका मात्र त्याने परत मिळत नाहीत.