पाळीचा रकाना

सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली की ऑपरेशनआधी चिठ्ठीवर दोन तपासण्या येतात: सीए-१२५ आणि एचई-४. सुई घालून गाठीचा तुकडाच का काढत नाहीत, असं लॅबच्या बाकावर कोणीतरी हमखास विचारतं. गाठ फुटून पेशी पोटात सांडण्याची भीती असते, म्हणून आधी रक्त.

पिवळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त अर्धा तास गोठू देतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वर पिवळसर सीरम उरतं. मशीनमध्ये दोन अँटिबॉडी त्यातलं सीए-१२५ किंवा एचई-४ हे प्रथिन दोन बाजूंनी धरतात. एकीला चुंबकी कण, दुसरीला उजेड देणारं रसायन. उजेड जास्त तितकं प्रथिन जास्त. वीसेक मिनिटांत आकडा हजर.

लॅबमधल्या ताईंना याचं काही कौतुक नाही. मी पाहत होते तेव्हा त्या अडल्या होत्या फॉर्मवरच्या एका रिकाम्या रकान्यापाशी: पाळी चालू की गेली? त्यांनी फोन लावला. मुलाने उचलला, अडखळला, "आईला देतो" म्हणाला.

एवढा आटापिटा कशाला, ते गणित मांडलं की कळतं. गाठ कॅन्सरची असण्याचा धोका मोजणारा, १९९० साली ब्रिटनमध्ये मांडलेला आरएमआय म्हणजे साधा गुणाकार: सोनोग्राफीचे गुण, पाळीचे गुण आणि सीए-१२५. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. समजा सीए-१२५ आलं ६० आणि सोनोग्राफीचे गुण ३. एकीचे होतात १८०, दुसरीचे ५४०. धोक्याची रेघ सहसा २००वर. एचई-४ जमेस धरणाऱ्या 'रोमा'त तर पाळीनुसार सूत्रच बदलतं.

सीए-१२५ची नेहमीची मर्यादा ३५. पण पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये तो वाढतो, पोटाचा टीबी तर त्याला शेकड्यांत नेतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या बायकांचा तो वाढलेलाच नसतो. तेव्हा रिपोर्ट बघून रडू नये, पेढेही वाटू नयेत. निदान होतं ते काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टने तपासल्यावर.

धोक्याचा हा आकडा ठरवतो ते ऑपरेशन कोणी करायचं. धोका जास्त दिसला तर स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जनच हवेत, कारण पहिल्या ऑपरेशनात रोग किती निघाला यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. नेहमीच्या डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसणं ही भीड नडते.

आणि गर्भपिशवी काढलेली असेल, वय पन्नाशीच्या आत असेल, तर 'पाळी गेली' एवढंच लिहू नका. अंडाशय ठेवले असतील तर ते अजून काम करत असू शकतात. पिशवी कधी काढली, ते लिहा.