कूटचलनाच्या हस्तांतरणाची उलट नोंद आणि एआय एजंटचे अधिकार

परभणी जिल्ह्यातील येलदरी धरणातून सोडलेले पाणी पूर्णा नदीने खाली येऊन हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात साठते. त्याची जागा बदलते, परंतु ते पूर्णा प्रकल्पाच्या ताब्याबाहेर जात नाही. कालव्यात किती सोडावयाचे हे प्रकल्पच ठरवितो. सिद्धेश्वराचे दरवाजे उघडून जे पाणी नदीपात्रात जाते, त्यावरील हा अधिकार मात्र तेथेच संपतो. दृष्टांत सर्वांशाने लागू पडणारा नाही, कारण पाणी वर चढत नाही आणि हिशेब मात्र फिरविता येतो. तरीही ताब्यातले स्थलांतर आणि ताब्याबाहेरचा विसर्ग यांतील हा भेद ध्यानी घेतल्यावाचून कूटचलनाच्या प्रत्यावर्तनाचा प्रश्न उलगडत नाही.

कूटचलन एकदा गेले की परत येत नाही, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान ब्लॉकचेनवरील व्यवहारापुरते खरे आहे. परंतु एक्स्चेंजमार्फत कूटचलन घेणाऱ्या ग्राहकाजवळ त्याची गुप्त किल्ली सहसा नसतेच. ती एक्स्चेंजजवळ असते आणि ग्राहकाच्या नावे केवळ एक शिल्लक दाखविलेली असते. अशा संस्थेच्या एका ग्राहकाने दुसऱ्यास नाणी पाठविली, तर बहुधा ब्लॉकचेनला स्पर्शही होत नाही. एकाच्या खात्यास नावे आणि दुसऱ्याच्या खात्यास जमा, एवढेच घडते. खतावणीतील चूक खोडावयाची नसते, उलट नोंदीने दुरुस्त करावयाची असते, हा जमाखर्चाचा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

मुंबईतील वझीरएक्स या एक्स्चेंजच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात पाहावयास मिळाल्या. 18 जुलै 2024 रोजी तिच्या एका बहुस्वाक्षरी खात्यातून 23 कोटी डॉलरांहून अधिक किमतीची नाणी चोरीस गेली. ती ब्लॉकचेनवरून गेली असल्यामुळे कोणत्याही उलट नोंदीने परत आणणे संस्थेस शक्य नव्हते. त्यानंतरही काही दिवस ग्राहकांचे आपापसांतील सौदे चालू राहिले होते. ऑगस्ट 2024 मध्ये संस्थेने सर्व खात्यांतील शिल्लक 18 जुलैच्या दुपारी एक वाजताच्या स्थितीस नेण्याचे जाहीर केले आणि मधल्या काळातील सौदे रद्द ठरविले. जे चोराच्या हाती गेले ते परतले नाही. जे वहीत होते ते लेखणीने परतले. त्या सौद्यांत ज्यांचा लाभ झाला होता, त्यांचा लाभही त्याच लेखणीने गेला, हे विसरता कामा नये.

उलट नोंद ही एकाची चूक दुरुस्त करणारी क्रिया असली, तरी दुसऱ्याच्या खात्यातून काढून घेणारीही असते. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये, याच एक्स्चेंजच्या एका ग्राहकाच्या अर्जावर, कूटचलन ही मालमत्ता असून ती विश्वस्ताच्या नात्याने धारण करता येते, असे मत दिले. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 72 वे कलम चुकून मिळालेले धन परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकते. परंतु चूक झाली होती की नाही, हे आधी ठरावे लागते. हुंडीच्या व्यवहारातही हा विवेक होता. शहाजोग हुंडी शहामार्फतच वटत असे आणि ती बनावट निघाल्यास रक्कम परत करण्याचे दायित्व त्या शहावर येई. परतीची शाश्वती कागदात नव्हती. ती ओळखीच्या, जबाबदार मध्यस्थाच्या ठायी होती.

आता एआय एजंटकडे वळू. एजंटला बाह्य जगात काही करावयाचे असल्यास त्यास साधने पुरवावी लागतात. ‘हस्तांतरण उलटवा’ असे एक साधन देणे सोयीचे वाटते, परंतु या एका नावाखाली तीन निरनिराळ्या क्रिया दडतात. पूर्ण न झालेली आज्ञा मागे घेणे, पूर्ण झालेल्या वहीतील व्यवहाराची उलट नोंद करणे, आणि बाहेर गेलेल्या नाण्यांच्या परतीची विनंती करणे. पहिली क्रिया पाठविणाऱ्याच्या अधिकारातील, दुसरी अभिरक्षक संस्थेच्या, तर तिसरी सर्वस्वी घेणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून. तिन्हींना एकच नाव देणे ही भाषेची चूक वाटेल. प्रत्यक्षात ती अधिकाराची चूक होय.

एजंटच्या स्वभावातून आणखी अडचणी उद्भवतात. उत्तर येण्यास विलंब झाला की तो तीच आज्ञा पुन्हा पाठवितो. प्रत्येक मागणीस एकमेव ओळखक्रमांक नसेल, तर एकाच हस्तांतरणाची दोनदा उलट नोंद होईल. शिवाय एजंट जे वाचतो त्यातील माहिती कोणती आणि आज्ञा कोणती, हे तो खात्रीने वेगळे करू शकत नाही. ‘रक्कम चुकून आपणाकडे आली, परत करावी’ असा मजकूर कोणा भामट्याने व्यवहाराच्या टिपणात घातला, तर भोळ्या कारकुनाप्रमाणे तोही फसेल. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या संकेतप्रणालीत पुढे साधनावर ‘विध्वंसक’ किंवा ‘पुनरुक्तीस निर्धोक’ अशी खूण करण्याची सोय झाली. परंतु त्या खुणा केवळ सूचक आहेत, त्यांवर सुरक्षितता सोपवू नये, असे ती प्रणालीच बजावते.

यास्तव एजंटच्या हाती उलट नोंद करण्याचा अधिकार न देता तिचा अर्ज करण्याचाच द्यावा. अर्ज येताच संस्थेने वादग्रस्त रक्कम रोखून धरावी, घेणाऱ्यास कळवावे आणि त्याचे म्हणणे ऐकून अधिकारी मनुष्याने निर्णय द्यावा. घेणाऱ्याने नाणी आधीच बाहेर काढली असतील, तर खाते उणे करून तूट इतर ग्राहकांवर ढकलता येणार नाही. तेथे अर्ज नाकारावा लागेल किंवा न्यायालयाची वाट धरावी लागेल.

मनुष्याची संमती पुरेशी होते, असेही नाही. वझीरएक्सच्या चोरीत नाणी हलविण्यास अनेकांच्या स्वाक्षऱ्या आवश्यक होत्या आणि त्या मिळाल्याही. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे पडद्यावर दिसलेला मजकूर एक आणि प्रत्यक्ष स्वाक्षरी झालेला व्यवहार दुसराच होता. तेव्हा संमती देणाऱ्यासमोर एजंटने लिहिलेला सारांश न ठेवता मूळ हस्तांतरणाची नोंद थेट खतावणीतून, तिचा क्रमांक, दिनांक आणि दोन्ही खाती यांसह ठेवली पाहिजे.