तारापूर : समुद्राच्या आधारावर उभे असलेले अणुकेंद्र

वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, जेथे वीज म्हटली की वणीच्या खाणींतला कोळसाच प्रथम आठवतो, तेथल्या वाचकाला शिंपल्यांपायी एखादे प्रचंड विद्युत्केंद्र अडून बसू शकते ही गोष्ट सहसा पटणार नाही. परंतु पालघर जिल्ह्यात, बोईसरच्या पश्चिमेस अरबी समुद्राच्या काठी १९६९ पासून वीज देत असलेले तारापूरचे केंद्र, जे भारतातील पहिले अणुविद्युत्केंद्र होय, त्याची खरी नाडी अणुभट्टीइतकीच समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या कालव्यात आहे. पुढे येथे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या झाल्या; त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली, हेही या स्थळाच्या दप्तरात नोंदलेले असावे.

अणुभट्टीतील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेत रूपांतरित होतो. उरलेली उष्णता, टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ थंड करताना, समुद्राच्या पाण्याला सोपवावी लागते. आपल्याकडे पंपाच्या फूटव्हॉल्व्हला शेवाळ धरले की ओलित थांबते, तसाच हा प्रकार; मात्र येथे शेवाळाच्या जागी सजीव प्राणी असतात. बार्नाकल, शिणाणे, कालवे यांची सूक्ष्म पिल्ले जाळ्यांतून सहज आत शिरतात, आणि वाहते पाणी अखंड अन्न पुरवीत असल्यामुळे भिंतींना व नळांना चिकटून कवचे वाढवितात. पुढे ती कवचे सुटून अरुंद नळ्यांत अडकतात. क्लोरीन हा त्यावरचा रूढ उपाय खरा, पण तेच पाणी पुन्हा समुद्रात जाणार असल्याने त्याची मात्रा फार जपून ठरवावी लागते.

तमिळनाडूतील कल्पक्कम येथे समुद्रतळाखालून पाणी आणणाऱ्या सुमारे ४६८ मीटरच्या बोगद्यात शिणाण्यांनी असेच ठाण मांडले होते. फ्रान्सच्या ग्राव्हलीन केंद्रात तर ऑगस्ट २०२५ मध्ये जेलीफिशच्या थव्याने गाळण्या भरून गेल्या आणि चार अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. किरणोत्सर्गाचा धोका तेथे उद्भवला नाही; तथापि भट्टी बंद झाल्यावरही तिच्यातील उष्णता काही काळ टिकते, म्हणून थंड पाण्याचा स्वतंत्र बंदोबस्त अशा केंद्रांत अनिवार्य मानला जातो.

समुद्रजीवांचा अभ्यासक येथे भौतिकशास्त्रज्ञाइतकाच आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यवतमाळ, वणी, पुसदच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी समुद्र दूर आहे म्हणून या विषयाकडे पाठ फिरवू नये.