‘पीपी’चा आकडा कसा वाचायचा?

नेवासा तालुक्यात भेंडे आणि सोनई इथे साखर कारखाने आहेत; पण मधुमेहाचा दोष चहातल्या साखरेवर टाकून हिशेब जुळत नाही. चमचाभर साखर म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम. दोन भाकऱ्यांना शंभर ग्रॅम बाजरीचं पीठ लागलं, तर त्यात साठेक ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पचनानंतर त्यांतल्या बहुतेकांचं ग्लुकोजच होतं. म्हणून ‘गोड काहीच खाल्लं नाही, तरी पीपी (जेवणानंतरची रक्तातली साखर) २१० कशी?’ हा प्रश्न अपुरा आहे. काय, किती आणि कधी खाल्लं हे ठाऊक असेल, तरच त्या आकड्याला अर्थ येतो.

निरोगी शरीरात जेवताच इन्सुलिन वाढतं, यकृत साखर सोडणं आवरतं, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात आणि दोन तासांत आकडा बहुधा १४०च्या खाली येतो. हे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. निदानाची चाचणी वेगळी: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, २०० वा अधिक म्हणजे मधुमेह. घरच्या जेवणाला ही मोजपट्टी जशीच्या तशी लागत नाही. मधुमेह असलेल्या बऱ्याच जणांसाठी १८०च्या आत हे साधारण लक्ष्य असतं. वय, औषधं पाहून डॉक्टर ते बदलतात.

उपाशीपोटीची साखर ठीक असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. युरोपातल्या ‘डीकोड’ अभ्यासात १९९९ साली दिसलं, की मृत्यूच्या धोक्याचा अंदाज उपाशीपोटीपेक्षा ग्लुकोजनंतरच्या दोन तासांच्या आकड्यावरून अधिक चांगला येतो. अंगकाठी बारीक असणं हाही दिलासा नव्हे; पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सडपातळ भारतीयांच्या शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे दाखवून दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) उपयोगी खरी, पण तिच्यात जेवणानंतरचे चढ झाकले जातात, आणि लोहाच्या कमतरतेमुळे ती फुगूही शकते. राहिला घरचं यंत्र अचूक नसल्याचा आक्षेप. तो रास्त आहे: ग्लुकोमीटरला पंधरा टक्क्यांची सूट असते, म्हणजे खरी साखर १८० असेल तर यंत्र १५३ ते २०७ यांतला कुठलाही आकडा दाखवू शकतं. म्हणून १७२ आणि १८५ यांतल्या फरकाने हुरळू नये, हबकूही नये. तेच जेवण, तीच वेळ ठेवून काही दिवस नोंदी कराव्यात. मग एक भाकरी कमी करून मटकीची उसळ वाढवावी किंवा जेवणानंतर पंधरा मिनिटं चालावं, आणि पुन्हा मोजावं. औषधाचा डोस मात्र डॉक्टरांनीच बदलावा. त्यांच्यापुढे सुटा आकडा ठेवण्यापेक्षा अशी वही ठेवली, तर निर्णय नेमका होतो.