बिननावाच्या पुडीतली रोपे

गावाहून निघताना आत्याने कागदात बांधून दिलेले बी, गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या मेळाव्यात मिळालेल्या चिमूटचिमूट पुड्या, शेजारच्या काकूंचा राखून ठेवलेला वाल. परसबागेतले बरेचसे बी असे हातोहात येते. पुष्कळदा पुडीवरचे नाव पुसलेले असते किंवा मुळात लिहिलेलेच नसते. तरी ते जरूर पेरावे. मात्र दोन-तीन बिया बाजूला ठेवाव्यात. पुढे ओळख पटवताना त्या कामी येतात.

सर्वांत आधी दिसतात ती बीजपत्रे. ती बियातच तयार असतात आणि त्यांवरून रोपाचे कूळ कळते. बदामाच्या आकाराची, टोकाशी खाच असलेली जोडी दिसली तर मुळा, मोहरी किंवा कोबी. अरुंद, टोकदार जोडी टोमॅटो, मिरची, वांग्याची. जाड, लंबगोल, मांसल जोडी काकडी, दुधी, भोपळ्याची. गणेशवेलीची बीजपत्रे तर बेचक्यासारखी खोल दुभंगलेली असतात.

कडधान्यांत आणखी एक खूण मिळते. चवळी, मूग, वाल आणि घेवडा उगवताना बीजपत्रे मातीवर उचलून आणतात. तूर, हरभरा आणि वाटाणा ती मातीतच ठेवतात, त्यामुळे वर थेट कोवळा शेंडा येतो.

खरी पाने फुटली की कुळातली भावंडे वेगळी होऊ लागतात. टोमॅटोचे पान कातरलेले असते आणि चुरगळले की उग्र वास येतो. मिरचीचे पान गुळगुळीत, चकचकीत, वांग्याचे लवयुक्त. दुधीचे पान मखमली असते आणि देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक ग्रंथी दिसतात. लाल भोपळ्याच्या पानावर बऱ्याचदा शिरांलगत पांढुरके डाग असतात. दोडका आणि घोसाळे मात्र रोप असताना चटकन ओळखू येत नाहीत. तिथे राखलेले बी पाहावे: दोडक्याचे खडबडीत, घोसाळ्याचे गुळगुळीत. नाहीतर फुलांची वाट पाहावी. दोडका संध्याकाळी फुलतो, घोसाळे सकाळी.

अनोळखी पान चाखून मात्र कधीही पाहू नये. विषारी धोतरा वांग्याच्याच कुळातला आहे आणि कोवळेपणी त्याची बीजपत्रेही तशीच लांबट असतात. देवाणघेवाणीतल्या बियांपासून आलेला दुधी कडू लागला तर तोही टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो.

एवढे करूनही रोप फक्त ‘मी वाल आहे’ इथपर्यंतच सांगते. तो कुठल्या गावचा, कधी पेरायचा, आमटीला चांगला की सोलून उसळीला, हे कुठल्याच पानावर वाचता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी वाणांचे बी जपण्याच्या कामासाठी. असे वाण जपायचे तर बियांबरोबर त्यांची माहितीही टिकवावी लागते, आणि ती माहिती पेरणाऱ्या माणसांकडेच असते.

म्हणून बी देताना पुडीवर पेन्सिलीने चार गोष्टी लिहाव्यात: वाणाचे नाव, गाव, बी धरल्याचे वर्ष आणि पेरणीचा महिना. शाई ओलीने पसरते, पेन्सिल टिकते. आणि ज्यांच्याकडून बिननावाचे बी आले, त्यांना आजच फोन करून विचारावे. आत्याला ते नाव नक्की ठाऊक असेल.