लाभांश हातात, मुद्दल वाऱ्यावर

मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं, हा मराठी मध्यमवर्गाचा निवृत्तीनंतरचा जुना शिरस्ता. तो पाळणाऱ्यांची खरी कोंडी झाली २०२० साली. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर ४ टक्क्यांवर आणला आणि स्टेट बँकेच्या पाच ते दहा वर्षांच्या एफडीवर सर्वसाधारण ठेवीदाराला ५.४ टक्के मिळू लागले. त्याच्या सहा वर्षं आधी हाच दर साडेआठच्या आसपास होता. म्हणजे दहा लाखांवर वर्षाला ८५ हजार यायचे, तिथे ५४ हजार. अशा वेळी ‘भरपूर डिव्हिडंड देणारे सरकारी शेअर घ्या, एफडीच्या दुप्पट सुटतात’ हा सल्ला फार गोड लागतो. मधल्या काळात दर चढले, २०२५ मध्ये रेपो पुन्हा साडेसहावरून उतरू लागला, आणि सल्ल्यालाही पुन्हा भाव आला.

या सल्ल्यात तुलनाच चुकीची आहे. वरच्या हिशेबात ठेवीदाराचं नुकसान वर्षाला ३१ हजारांचं. ते भरून काढायला दहा लाख शेअरमध्ये टाकले आणि भाव नुसते दहा टक्के पडले, तर लाख रुपये गेले; तीन वर्षांहून अधिक काळाची व्याजातली घट एका झटक्यात. आणि दहा टक्के म्हणजे बाजाराच्या दृष्टीने किरकोळ. त्यात यील्डचा आकडा फसवा, कारण लाभांशाला भावाने भागून तो काढतात. भाव कोसळला की यील्ड आपोआप फुगतं. कोल इंडियाचं उदाहरण बघा. जानेवारी २०१५ मध्ये सरकारने आपला दहा टक्के हिस्सा विकला तेव्हा किमान भाव ठेवला होता ३५८ रुपये. ऑक्टोबर २०२० मध्ये शेअर ११०-११५ च्या घरात होता. २०१९-२० चा लाभांश १२ रुपये, म्हणजे यील्ड दहा टक्क्यांच्या वर. आकडा देखणा, पण २०१५ मध्ये घेणाऱ्याच्या हाती तोवर सगळे लाभांश मिळून शंभर-एकशेदहा रुपये आले होते आणि मुद्दलातून गेले होते जवळजवळ अडीचशे.

यावर म्हणतील, थांबला असता तर मिळाले असते; पुढे हाच शेअर पाचशेच्या पार गेला नाही का? गेला, २०२४ मध्ये. पण नऊ वर्षं थांबण्याची ऐपत चाळिशीतल्या पगारदाराची. सत्तरीतल्या माणसाला मध्येच शस्त्रक्रिया निघाली तर शेअर पडत्या भावात विकावा लागतो. शिवाय लाभांश हा करार नव्हे, संचालक मंडळाची मर्जी. एप्रिल २०२० मध्ये तर रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लाभांश थांबवायला सांगितलं, आणि त्यावर भिस्त ठेवणाऱ्यांना ऐन अडचणीत काही मिळालं नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: २०२० मध्ये किरकोळ महागाई सहा टक्क्यांच्या वर, म्हणजे ५.४ टक्क्यांची ठेवही मुद्दल खातच होती, फक्त गुपचूप. हे अगदी खरं. पण महागाईवर मात होते ती नफा आणि लाभांश दोन्ही वाढत जाणाऱ्या कंपनीकडून, आणि तिचं आजचं यील्ड बहुधा दीड-दोन टक्केच असतं. महिन्याच्या खर्चाला ते पुरत नाही. खर्चासाठी यील्ड आणि महागाईसाठी वाढ, अशी दोन्ही कामं एकाच शेअरने करावीत ही अपेक्षाच भाबडी.

त्यामुळे खर्चाचे पैसे वेगळे काढलेले बरे. २०२० मध्येही पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना ७.४ टक्के देत होती. तिची मर्यादा तेव्हा १५ लाख होती, २०२३ पासून ३० लाख आहे. ती भरण्याआधी यील्डच्या मागे धावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. सात-आठ वर्षं लागणार नाहीत असे पैसे उरले, तर जरूर शेअर घ्यावेत, पण यील्डच्या यादीत वरून पहिला म्हणून नव्हे. कंपनी नफ्यातला किती हिस्सा वाटते ते आधी बघावं. शंभर कमावून पंच्याण्णव वाटणारी कंपनी एका वाईट वर्षात लाभांश कापते. आणि करही धरावा. एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजला जातो, त्यामुळे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला दहा टक्के यील्डमधले हातात जेमतेम सात पडतात.