माल आपला, वखार तिऱ्हाइताची

हळद शेतातून काढावी, शिजवावी, वाळवावी, तिला झिलई द्यावी आणि पोती भरून बाजारात न्यावी, येथे शेतकऱ्याचे काम संपत असे. पुढचा व्यवहार आडत्या आणि व्यापारी पाहत. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली आणि दहा किंवा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढता येऊ लागली. अशा कंपन्यांपैकी काही आता हळद दळून, पुड्यांत भरून थेट ग्राहकाला विकतात. मागणी मोबाइलवर येते. ग्राहक कधी मुंबईचा असतो, कधी नागपूरचा, तर कधी बंगळूरचा, आणि त्याला बहुधा एकच किलो हळद हवी असते.

येथेच नवी अडचण उभी राहते. शंभर पोती एका व्यापाऱ्याच्या हवाली करणे सोपे असते. शंभर पुड्या शंभर घरी बिनचूक आणि वेळेवर पोचविणे हे निराळेच काम आहे. त्यासाठी शहराजवळ वखार हवी, बांधणीचे सामान हवे, रोजची माणसे हवीत. दिवसाला दहा-वीस मागण्या असेतो हे काम गावातच करणे स्वस्त पडते. मागण्या वाढल्या, की पुष्कळ विक्रेते ते मोबदला देऊन दुसऱ्या संस्थेवर सोपवितात. विकणारा हा पहिला पक्ष, घेणारा दुसरा आणि ही संस्था तिसरा पक्ष. म्हणून तिला तिऱ्हाईत पुरवठा संस्था म्हणता येईल.

आडत्या आणि तिऱ्हाईत संस्था यांतील फरक नीट ध्यानात घ्यावा. आडत्या माल विकून देतो आणि विक्रीवर आडत घेतो. तिऱ्हाईत संस्था माल विकत घेत नाही आणि विकूनही देत नाही. ती माल सांभाळते, मोजते, बांधते आणि रवाना करते, व या प्रत्येक कामाची मजुरी लावते. माल शेवटपर्यंत उत्पादकाच्याच मालकीचा राहतो. ठरीव रकमेवर परक्याचा माल पोचविण्याची हमी घेणारा हुंडेकरी महाराष्ट्राला जुन्या काळापासून परिचित आहे. त्याच्या कामाला वखार आणि संगणकाची जोड मिळाली, की आजच्या या संस्थेचे चित्र पुरे होते.

काम कसे चालते

माल वखारीत पोचताच प्रथम त्याची मोजदाद होते. खोकी किती आली, फुटकी किती, पुड्यांवर उत्पादनाची तारीख व गट क्रमांक आहे किंवा नाही, हे पाहून आवक नोंदविली जाते. प्रत्येक जातीच्या पुडीला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. अर्ध्या किलोची पुडी आणि एक किलोची पुडी हे तेथे दोन निराळे माल ठरतात. नंतर माल ठरलेल्या फळीवर ठेवून त्या जागेची नोंद संगणकात केली जाते.

ग्राहकाची मागणी येताच ती वखारीच्या संगणकावर दिसते. कामगार सांगितलेल्या फळीवरून पुडी उचलतो आणि तिच्यावरील बारकोड यंत्राने वाचून खात्री करून घेतो. पुढे खोके बांधले जाते, त्यावर पत्त्याची चिठ्ठी लागते आणि ते कुरिअरच्या गाडीत चढते. त्याच वेळी शिल्लक साठ्यातून एक पुडी वजा होते. खोके कोठवर पोचले, हे ग्राहकाला आणि उत्पादकाला मोबाइलवर पाहता येते.

खाद्यवस्तूंच्या बाबतीत जिची मुदत आधी संपणार ती पुडी आधी बाहेर काढावी, हा नियम कटाक्षाने पाळला पाहिजे. ऑनलाइन विकलेली खाद्यवस्तू ग्राहकाच्या हाती पडताना तिच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मार्गदर्शन आहे. हळद उजेडाने फिकी पडते, दमट हवेत ओल धरते आणि तिला भुंगेरेही लागतात. म्हणून वखार कोरडी असणे, माल जमिनीवर न ठेवता लाकडी चौकटीवर रचलेला असणे आणि उग्र वासाच्या वस्तू शेजारी नसणे, या गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

मुंबई-नाशिक महामार्गावरील भिवंडीच्या परिसरात अशा वखारींची मोठी वस्ती आहे. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर पण शहराला लागून असलेली जागा, हे तिच्या वाढीचे एक कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात बंद झाली. आंतरराज्य विक्रीवरील केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी राज्याराज्यांत लहान वखारी ठेवण्याचे कारणही तेव्हापासून उरले नाही, आणि मोक्याच्या जागी मोठ्या वखारी बांधण्याकडे कल वाढला.

खर्चाचा हिशेब

आकारणी निरनिराळ्या सदरांखाली होते: माल उतरवून घेण्याची, जागेच्या भाड्याची, प्रत्येक मागणीमागे उचल व बांधणीची, खोक्याची आणि कुरिअरची. यांपैकी कुरिअरच्या वजनात नवख्या विक्रेत्याची हटकून चूक होते. कुरिअर केवळ काट्यावरचे वजन धरीत नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकारास बहुधा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोमध्ये धरतात. हे वजन व प्रत्यक्ष वजन यांत जे अधिक, त्यावर भाडे लागते.

एक किलो हळदीची पुडी ३० × २० × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातली, तर गुणाकार ९००० होतो आणि वजन १.८ किलो धरले जाते. तीच पुडी २० × १५ × १० सेंटिमीटरच्या खोक्यात बसविली, तर गुणाकार ३००० होऊन वजन ०.६ किलो येते; म्हणजे भाडे प्रत्यक्ष वजनावर, किलोहून थोड्या अधिकावर पडते. मोठ्या खोक्यातील मोकळ्या हवेचे भाडे शेतकऱ्यानेच भरावयाचे असते! भागण्याचा आकडा काही ठिकाणी निराळा असतो. तो आधी विचारून घ्यावा.

दुसरा छुपा खर्च परत आलेल्या मालाचा. माल पोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने खोके नाकारले, तर सामान्यतः जाण्याचे आणि येण्याचे, अशी दोन्ही भाडी विक्रेत्यावर पडतात. परतलेली पुडी पुन्हा विक्रीस योग्य आहे की नाही, हे कोणी व कसे ठरवावे, ते आधीच लिहून ठेवावे. फुटलेली अथवा ओल लागलेली पुडी पुन्हा फळीवर चढता कामा नये.

जबाबदारी कोणाची?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १४८ प्रमाणे अशा सोपवणुकीला निक्षेप म्हणतात. सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. परंतु तेवढी काळजी घेऊनही माल नष्ट झाला, तर वेगळा करार नसल्यास सांभाळणारा जबाबदार राहत नाही, असे कलम १५२ म्हणते. वखारीला आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले, तर हा भेद संपूर्ण हंगामाच्या कमाईएवढा ठरू शकतो. यास्तव विमा कोणी उतरवावा, किती रकमेचा उतरवावा आणि भरपाई कोणाच्या नावे यावी, हे करारात स्पष्ट असले पाहिजे.

सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात.

(१) वखारीकडे खाद्यपदार्थ साठविण्याचा परवाना आहे काय?

(२) वखार आपल्या वस्तू व सेवा कर नोंदणीत जादा व्यवसायस्थान म्हणून दाखविली आहे काय? वखार परराज्यात असल्यास तेथे वेगळी नोंदणी लागते.

(३) मोजणीत किती तूट चालेल, आणि त्यापुढील तुटीची किंमत कोण भरील?

(४) ग्राहकांकडून गोळा झालेली रक्कम किती दिवसांत खात्यावर जमा होईल?

(५) करार मोडल्यास शिल्लक माल किती दिवसांत व कोणत्या खर्चाने परत मिळेल? मोबदला थकल्यास माल अडवून ठेवण्याचे कलम अशा करारांत पुष्कळदा असते; ते वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

एवढे करूनही आपली नोंदवही बंद करू नये. गावातून गेलेल्या पुड्या, विकल्या गेलेल्या पुड्या आणि परत आलेल्या पुड्या यांचा मेळ दर महिन्यास वखारीच्या शिलकेशी घालावा. सहा महिन्यांनी उघडकीस आलेली तूट कोणाच्या हातून झाली, हे शोधणे दुरापास्त असते. चालू महिन्यातील तूट मात्र त्याच खोक्यांच्या नोंदींवरून पकडता येते. कंपनीच्या एका सभासदाने वर्षातून दोनदा तरी वखारीत जाऊन माल स्वतः मोजावा.

ग्राहक वखार पाहत नाही, कुरिअरचा करारही वाचीत नाही. त्याच्या हाती पुडी येते आणि तिच्यावर शेतकऱ्यांच्या कंपनीचे नाव असते. पुडी ओली निघाली, तर तो दोष त्या नावाला देतो. हळद उत्तम निघाली, तर पुढच्या खेपेस तेच नाव शोधतो. माल पोचविण्याचे काम तिऱ्हाइताकडे सोपविता येते, नाव सोपविता येत नाही. ज्या कंपनीने ही गोष्ट ओळखून हिशेबाची वही आपल्या हाती ठेवली, तिला परक्या वखारीचाही आपल्या कोठारासारखाच उपयोग होईल.